बॉसपुढे कोणते शस्त्र घ्यावे? बंगळुरूच्या खेळाडूंपुढील तिहेरी गणित

हिवाळ्यात मध्य युरोपात रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा बंगळुरूमध्ये मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. युरोपातील सर्व्हरवर खेळणारे संघ साधारणतः याच सुमारास डंजनच्या म्हणजे भुयाराच्या दाराशी जमतात. सिंगापूरच्या सर्व्हरवर आठ वाजतात, तेव्हा बंगळुरूमध्ये सायंकाळचे साडेपाच झालेले असतात आणि शहरातील नोकरदार खेळाडू एक तर कचेरीत किंवा आउटर रिंग रोडवरील वाहनांच्या रांगेत असतो. त्यामुळे रात्रीची झोप किंवा कामाची वेळ यांपैकी एकीला कात्री लावूनच या खेळाडूला सहकारी खेळात भाग घ्यावा लागतो.

एवढे करूनही संघाचा पराभव झाला, तर दोष बहुधा शस्त्राला दिला जातो. 'याहून मोठे शस्त्र हवे होते' हा निष्कर्ष सोपा असला, तरी तो अनेकदा चुकीचा असतो. सहकारी खेळांमध्ये शस्त्राची निवड त्याच्या ताकदीच्या आकड्यावरून होत नाही. ती संघ, वेळ आणि सर्व्हरपासूनचे अंतर या तीन गोष्टींवरून ठरते. त्यांतील अंतर ही गोष्ट बंगळुरूच्या खेळाडूच्या हातात मुळीच नसते आणि म्हणूनच ती समजून घेणे त्याच्यासाठी सर्वाधिक महत्त्वाचे ठरते.

भुयाराची परंपरा

काही सोबत्यांनी मिळून भुयारात उतरायचे, वाटेतील शत्रूंना हटवायचे आणि अखेरच्या दालनातील बलाढ्य शत्रूला, म्हणजे 'बॉस'ला, पराभूत करून खजिना मिळवायचा, अशी या खेळांची मूळ कल्पना आहे. तिचा उगम १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात आहे. ब्रिटनमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने केवळ अक्षरांच्या आधारे चालणारे संगणकीय भुयार तयार करण्यास सुरुवात केली. रिचर्ड बार्टल यांनी ते पुढे विकसित केले. १९८५ मध्ये 'गाँटलेट' या यंत्रावर चार जणांना एकाच पडद्यासमोर उभे राहून खेळता येऊ लागले.

इंटरनेटचा प्रसार झाल्यावर १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे खेळ आले. दुसऱ्या खेळाच्या सुरुवातीच्या काळात मोठ्या मोहिमांवर ४० खेळाडू एकत्र जात असत. कामाची विभागणी केल्याशिवाय एवढ्या लोकांना एका शत्रूशी लढता येणे शक्य नव्हते. आजही प्रचलित असलेली त्रिसूत्री या खेळांतूनच रूढ झाली.

पहिले गणित : संघ

या त्रिसूत्रीत तीन प्रकारचे खेळाडू असतात. बॉसचे घाव स्वतःवर झेलणाऱ्यास 'टँक' म्हणतात, जखमा भरून काढणाऱ्यास 'हीलर', तर उरलेले खेळाडू बॉसवर प्रहार करतात. बॉस कोणावर हल्ला करील हे ठरविण्यासाठी प्रत्येक खेळाडूच्या नावे धोक्याचे गुण आतल्या आत मोजले जातात. ज्याचे गुण सर्वाधिक, त्याच्याकडे बॉस वळतो. टँकच्या शस्त्रातून आणि डावपेचांतून हे गुण मुद्दाम अधिक मिळतील अशी योजना असते. प्रहार करणाऱ्याने सुरुवातीसच सारी ताकद लावली, तर त्याचे गुण टँकपेक्षा वाढतात, बॉस त्याच्याकडे वळतो आणि हलके चिलखत घातलेला तो खेळाडू एका फटक्यात कोसळतो. लढाईच्या पहिल्या काही सेकंदांत हात आवरता घेणे हादेखील डावपेचाचाच भाग असतो, तो यामुळे.

दहीहंडीच्या मनोऱ्याचे उदाहरण येथे लागू पडते. तळाच्या थराला भक्कम खांद्यांचे गोविंदा लागतात आणि वरच्या थराला हलका व चपळ गोविंदा. पथकात सगळेच हंडी फोडण्यास उत्सुक असतील, तर मनोरा उभाच राहत नाही. त्याचप्रमाणे चौघांनीही सर्वांत जड तलवार घेतली, तर घाव झेलणारा आणि जखमा भरणारा कोणीच उरत नाही.

'मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड' या २०१८ सालच्या खेळात भुयाराऐवजी मोकळे रान आहे, तरीही शस्त्रनिवडीचा हा धडा तेथे स्पष्टपणे दिसतो. या खेळात १४ प्रकारची शस्त्रे आहेत आणि कमाल चार जणांचा संघ असतो. राक्षसी प्राण्याची शेपटी तोडायची असेल तर धारदार शस्त्र लागते, तर डोक्यावर घाव घालून त्याला भोवळ आणायची असेल तर हातोड्यासारखे बोथट शस्त्र लागते. शिकारीच्या शिंगातून निघणाऱ्या सुरांनी संपूर्ण संघाचे बळ वाढते. लांब तलवार घातक असली, तरी तिचा विस्तृत फेरा शेजारी लढणाऱ्या सोबत्यालाच अडखळवू शकतो. एकट्याने खेळताना उत्तम ठरणारे शस्त्र संघात अडचणीचे ठरते, ते असे.

याच खेळात झोपी गेलेल्या प्राण्यावर पडणाऱ्या पहिल्या घावाचा परिणाम दुप्पट होतो. त्यामुळे एकाने झोपेचे औषध लावलेल्या शस्त्राने प्राण्याला झोपवायचे, बाकीच्यांनी शस्त्रे खाली ठेवायची आणि ज्याच्याकडे महातलवार आहे त्यानेच पहिला घाव घालायचा, असा संकेत आहे. घाईने मारलेल्या एखाद्या छोट्या बाणानेही प्राणी जागा होतो आणि संपूर्ण योजना वाया जाते. शिवाय बहुतेक मोहिमांत सर्व संघाला मिळून तीन वेळाच बेशुद्ध पडण्याची मुभा असते. एकच खेळाडू तीनदा पडला, तरी चौघांचीही मोहीम संपते.

दुसरे गणित : वेळ

बॉसशी चालणारी लढाई अनंतकाळ चालत नाही. अनेक खेळांत ठराविक वेळेनंतर बॉस अनावर होतो आणि काही क्षणांत संपूर्ण संघाचा नाश करतो. याचा अर्थ, किती वेळात किती नुकसान करावे लागेल याचा हिशेब आधीच मांडता येतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बॉसची जीवनशक्ती १० लाख गुणांची आहे आणि मुदत १० मिनिटांची, म्हणजे ६०० सेकंदांची आहे. संघाला दर सेकंदास सुमारे १,६६७ गुणांचे नुकसान करावे लागेल. चौघांनी समान वाटा उचलला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४१७ गुण येतात. पण टँक आणि हीलर यांचे मुख्य काम वेगळे असल्याने उरलेल्या दोघांवरील भार त्याहून बराच वाढतो.

आता दोन शस्त्रांची तुलना करू. हातोड्याचा एक घाव ९०० गुणांचा असून तो दर तीन सेकंदांनी बसतो, म्हणजे सेकंदाला ३०० गुण. जुळ्या सुऱ्यांचा घाव २०० गुणांचा, पण तो दर अर्ध्या सेकंदाला बसतो, म्हणजे सेकंदाला ४०० गुण. वरवर पाहता सुऱ्या सरस आहेत. परंतु बॉसच्या चिलखतामुळे प्रत्येक घावातून १०० गुण वजा होत असतील, तर हातोड्याचे सेकंदाला सुमारे २६७ गुण उरतात आणि सुऱ्यांचे अवघे २००. शस्त्रे तीच, खेळाडूही तेच, केवळ समोरचा शत्रू बदलल्याने क्रम उलटला. एका बॉसपुढे निष्प्रभ ठरलेले शस्त्र दुसऱ्यापुढे का तळपते, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

यात आणखी एक बाब मिसळते. बॉस सतत मार खाण्यासाठी उभा राहत नाही. तो झेप घेतो, आग ओकतो, ढालीआड जातो आणि मध्येच दोन-चार सेकंद उघडा पडतो. कबड्डीतील चढाईपटूला ३० सेकंदांत गडी बाद करून मध्यरेषा गाठावी लागते. त्याला गडी टिपण्याइतकाच परतण्याच्या वाटेचाही विचार करावा लागतो. जड शस्त्राचे तसेच आहे. हातोडा एकदा डोक्यावर उचलला की घाव पूर्ण होईपर्यंत तो सहसा मागे घेता येत नाही. त्या क्षणी बॉसने हल्ला केला, तर खेळाडूला तो सोसावाच लागतो. कोसळलेल्या खेळाडूचे नुकसान सेकंदाला शून्य असते आणि त्याला उठविण्यासाठी धावणाऱ्या सोबत्याचेही तेवढ्या वेळापुरते शून्यच. त्यामुळे अनुभवी संघ कागदावर कमी ताकदीचे, पण खेळाडूला उभे ठेवणारे शस्त्र पसंत करतात.

मुदतच नसेल तर काय होते, याचा धडा २००८ मध्ये मिळाला. जपानच्या स्क्वेअर एनिक्स या कंपनीच्या 'फायनल फँटसी ११' या ऑनलाइन खेळात 'पँडेमोनियम वॉर्डन' नावाचा बॉस होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका संघाने त्याच्याशी १८ तासांहून अधिक काळ झुंज दिली, तरीही तो नमला नाही. काही खेळाडूंना भोवळ आणि उलट्या होऊ लागल्यावर संघाने माघार घेतली. त्यानंतर कंपनीने खेळात बदल केला आणि दोन तासांनंतर हा बॉस आपोआप नाहीसा होईल अशी व्यवस्था केली. वेळेची मर्यादा ही खेळाडूची कोंडी वाटत असली, तरी कधी कधी ती त्याचे रक्षणही करते.

तिसरे गणित : अंतर

बंगळुरूच्या खेळाडूचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो. ऑनलाइन खेळात बॉस सर्व्हरवर 'राहतो'. त्याने हात उचलल्याची वार्ता खेळाडूच्या पडद्यापर्यंत येण्यास वेळ लागतो आणि खेळाडूने बटण दाबल्याची वार्ता सर्व्हरपर्यंत जाण्यासही वेळ लागतो. या जाण्यायेण्याच्या एकत्रित वेळेला 'पिंग' म्हणतात. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजला जातो.

या वेळेला एक नैसर्गिक किमान मर्यादा आहे. काचेच्या तंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने जातो. त्यामुळे दर १,००० किलोमीटर अंतरासाठी जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागतातच. बंगळुरूपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ८५० किलोमीटर आहे. तेथील सर्व्हरसाठी ही किमान वेळ नऊ मिलिसेकंदांच्या आत येते. सिंगापूरसाठी ती ३२, तर जर्मनीतील फ्रँकफर्टसाठी सुमारे ७४ मिलिसेकंद होते. प्रत्यक्षातील आकडे यांहून बरेच मोठे असतात, कारण केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतील प्रत्येक उपकरणावर थोडा वेळ खर्च होतो.

बंगळुरूला समुद्रकिनारा नाही. येथून परदेशी जाणारी वार्ता प्रथम जमिनीवरून चेन्नई किंवा मुंबई गाठते आणि तेथे समुद्राखालील केबलमध्ये शिरते. चेन्नई ते सिंगापूर ही सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीची 'आय टू आय' केबल २००२ मध्ये सुरू झाली. युरोपकडे जाणाऱ्या केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र अशा मार्गाने जातात. या मार्गावर बिघाड झाला की परिणाम दूरवर जाणवतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्याने भारतातील इंटरनेट सेवा विस्कळीत झाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबलना इजा झाली, तेव्हाही भारतासह अनेक देशांत वेग मंदावला. अशा वेळी वार्ता लांबच्या वळणाने जाते आणि पिंग वाढतो.

याचा शस्त्राशी काय संबंध, हे पुन्हा आकड्यांतून पाहता येईल. समजा, प्रहार करण्यापूर्वी बॉस ६०० मिलिसेकंद आधी हात उचलतो. ते दृश्य पाहून बटण दाबण्यास माणसाला साधारण २५० मिलिसेकंद लागतात. पिंग ३० असेल, तर खेळाडूकडे ३२० मिलिसेकंद शिल्लक राहतात. पिंग १८० असेल, तर केवळ १७० उरतात. त्याच्या हातातील जड शस्त्र सावरून बाजूला होण्यास २०० मिलिसेकंद लागत असतील, तर पहिला खेळाडू वाचतो आणि दुसरा मरतो. दोघांचे कौशल्य समान असते, फरक फक्त शहराचा असतो.

सर्वच खेळांत हा परिणाम सारखा नसतो. काही खेळांत घाव लागला की नाही याचा निर्णय खेळाडूच्या स्वतःच्या यंत्रावर होतो आणि तेथे पिंगची झळ कमी बसते. मात्र जेथे हा निर्णय दूरच्या सर्व्हरवर होतो, तेथे शस्त्रनिवडीची दिशा बदलावी लागते. अचूक क्षणी ढाल पुढे करून घाव परतविण्याऐवजी ढाल सतत धरून ठेवता येईल असा भाला बरा. जवळून लढण्याऐवजी धनुष्य बरे, कारण अंतर राखल्याने इशारा ओळखण्यास अधिक अवधी मिळतो. एका क्षणात मोठे नुकसान करणाऱ्या शस्त्रापेक्षा विष, जमिनीवर पसरणारी आग किंवा सापळे यांसारखी हळूहळू परिणाम करणारी साधने उपयोगी पडतात. कारण एकदा लागू झाल्यावर त्यांचे काम सर्व्हरवरच चालू राहते आणि खेळाडूच्या उशिराने त्यात खंड पडत नाही. हीलरच्या बाबतीतही हेच लागू होते. ऐन वेळी जीव वाचविणाऱ्या उपायापेक्षा आधीच लावून ठेवता येणारा, थोडाथोडा गुण देणारा उपाय दूरच्या खेळाडूला अधिक साथ देतो.

खेळ घडविणारे शहर, सर्व्हरपासून दूर

या परिस्थितीत एक विसंगती दडलेली आहे. बंगळुरू हे केवळ खेळाडूंचे शहर नसून खेळ घडविणाऱ्यांचेही शहर आहे. राजेश राव यांनी स्थापन केलेल्या येथील ध्रुव इंटरॅक्टिव्ह या कंपनीने १९९७ मध्ये गेमनिर्मितीस सुरुवात केली. पुढे तिने परदेशी कंपन्यांच्या अनेक मोठ्या खेळांसाठी चित्रे आणि त्रिमितीय वस्तू तयार केल्या. चौघांनी मिळून खेळायचा 'पेडे २' हा खेळ ज्या स्वीडिश कंपनीचा, त्या स्टारब्रीझने ध्रुवमध्ये मोठा हिस्सा घेतला आणि २०१९ मध्ये तो रॉकस्टार गेम्सला विकला. कर्नाटक सरकारनेही २०१२ मध्येच ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले होते.

तथापि, खेळ कोठे घडतो यावरून सर्व्हर कोठे ठेवायचा हे ठरत नाही. पैसे मोजणारे खेळाडू किती आहेत, यावर तो निर्णय अवलंबून असतो. मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रे २०१५ मध्ये आणि ॲमेझॉनची २०१६ मध्ये भारतात सुरू झाल्यानंतर येथे सर्व्हर ठेवणे तांत्रिकदृष्ट्या सुलभ झाले. 'व्हॅलोरंट'सारख्या स्पर्धात्मक खेळाला २०२० मध्ये मुंबईत सर्व्हर मिळालाही. मोबाइलवरील आणि स्पर्धात्मक खेळांचा भारतातील प्रेक्षक मोठा आहे. भुयारी सहकारी खेळांचा चाहता तुलनेने विखुरलेला असल्याने त्याला अनेकदा परदेशी सर्व्हरचे दार ठोठवावे लागते. तेथे अनोळखी सोबती त्याचे कौशल्य पाहण्याआधी त्याचा पिंग पाहतात आणि संघात घेण्याचे टाळतात, हे या खेळाडूचे खरे दुखणे आहे.

खजिन्याची वाटणी

बॉस पडल्यावरही प्रश्न संपत नाहीत. दुर्मीळ शस्त्र मिळण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर शंभर वेळा बॉसला हरविल्यावर ते नक्की मिळेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात शंभर प्रयत्नांनंतर ते किमान एकदा मिळालेले असण्याची शक्यता सुमारे ६३ टक्केच असते. म्हणजे शंभरातील ३७ खेळाडू तेवढ्या रात्री जागूनही रिकाम्या हातीच राहतात.

मिळालेले एकमेव शस्त्र कोणाला द्यायचे, यावरून संघ फुटू नये म्हणून 'एव्हरक्वेस्ट'च्या खेळाडूंनी १९९९ मध्येच गुणांची एक पद्धत काढली. प्रत्येक मोहिमेतील हजेरीबद्दल गुण जमा करायचे आणि शस्त्र हवे असल्यास ते खर्च करायचे, असा तिचा साधा नियम होता. ड्रॅगन मारल्याबद्दल मिळणारे गुण म्हणून तिला 'ड्रॅगन किल पॉइंट्स' असे नाव पडले आणि पुढे अनेक खेळांनी ती स्वीकारली. भिशीप्रमाणे येथेही विश्वास आणि हिशेबाची वही या दोनच गोष्टींवर सारा व्यवहार उभा असतो.

तीन प्रश्न

बॉसच्या दालनात शिरण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. संघात कोणती उणीव आहे? बॉस किती वेळा आणि किती वेळ उघडा पडतो? आणि सर्व्हर किती दूर आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरावाने आणि आपसांतील चर्चेने सुधारता येतात. तिसऱ्याचे उत्तर बदलता येत नाही, पण ते सोबत्यांना आधीच सांगता येते. पिंग अधिक असलेल्या खेळाडूने तो लपवून टँकची जबाबदारी घेतली, तर त्याच्या प्रत्येक उशिराची किंमत सर्वांना मोजावी लागते. तोच खेळाडू धनुष्य किंवा शिंग घेऊन मागच्या फळीत उभा राहिला, तर संघाला त्याचा आधार वाटतो.

दहीहंडीत कोणी कोणत्या थरावर उभे राहायचे हे गोविंदाची हौस पाहून ठरत नाही, त्याचे वजन आणि तोल पाहून ठरते. भुयारातील शस्त्राची निवडही याहून वेगळी नाही.